वाटी की बाटली

गोपीचंदने टेबलावरचा पंचा उलगडला आणि दोन्ही ब्रश हिरालालसमोर सरकवले.

"पाह्य," तो म्हणाला. "हातात घेऊन पाह्य. दोन्ही चालू आहेत."

हिरालालने आधी तळहात पँटला पुसले. पवनीच्या बाजारातल्या गोपीचंदच्या फोटो स्टुडिओत दुपारचं ऊन एकाच खिडकीतून येत होतं आणि त्यात ते दोन ब्रश डॉक्टरच्या हत्यारांसारखे चकाकत होते. नाव ब्रश, पण त्यांना केस नव्हते. पेनाएवढी धातूची नळी, टोकाला सुईसारखं तोंड, वर बोटाने दाबायची कळ आणि खाली हवेची रबरी नळी जोडायची जागा. दोघांत फरक एवढाच, की एकाच्या पाठीवर बोराएवढी वाटी बसवली होती आणि दुसऱ्याच्या पोटाखाली काचेची बाटली लटकत होती, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी.

"वाटीवाल्यात रंग वरून उतरते, आपल्याच वजनानं," गोपीचंद सांगू लागला. "त्याले हवा थोडी पुरते. सात-आठ थेंब टाकले का एक गाल होते. बाटलीवाल्यात हवेनं रंग खालून वर ओढा लागते, म्हणून तिथं जोर पाह्यजे. पण बाटली एकदा भरली का नाटकाचा अख्खा पडदा मारून घे. मधात थांबाचं काम नाही."

हिरालालला हे दोनदा सांगायची गरज नव्हती. मलेरिया खात्यात त्याची चोवीस वर्षं फवारण्यातच गेली होती. एकाने बादलीतला पंप मारायचा, दुसऱ्याने लांब नळीने भिंतीवर डीडीटी सोडायचं, तासाभराने अदलाबदल. हवेचा जोर उतरला की फवारा तुटतो आणि भिंतीवर ओघळ येतात, हे त्याच्या मनगटाला झोपेतही कळलं असतं.

"एक तुहा, एक माह्या साळ्याचा," गोपीचंद म्हणाला. "तो तुमसरून रविवारी येते. त्याले कोणताही चालते. तू पहिले पसंत कर. आठ दिवस दोन्ही घरी ठेव."

"कायले देऊन राहिला? तुले लागंल ना."

"मले कायले लागते? रंगीत फोटो आता नागपूरहून धुऊन येतात. त्याच्या गालाले रंगाचा हात लावा लागत नाही." गोपीचंदने चष्मा काढून डोळे चोळले. "आन् आता वाटीत रंग आहे का नाही हेही मले नीट दिसत नाही."

हिरालालने वाटीवाला उचलला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट तीन वर्षांपासून थरथरत होतं. ब्रश हातात येताच ती थरथर नळीच्या टोकापर्यंत गेली. गोपीचंदने ती पाहिली आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

"म्हणूनच म्हणतो," तो तिकडे पाहतच म्हणाला. "हा कागदाले टेकत नाही. हात हालला तरी कागदाले कळत नाही."

हवेचा कंप्रेसर भंगारात गेला होता. त्याऐवजी गोपीचंदने त्याला एक युक्ती सांगितली आणि संध्याकाळच्या गाडीने हिरालाल कोंढ्याला निघाला, तेव्हा एस.टी.च्या टपावर जीपची एक जुनी स्टेपनी होती, पस्तीस पौंड हवा भरलेली, आणि त्याच्या मांडीवर पंचात गुंडाळलेले दोन ब्रश.

विमलाबाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. नवरा चाक गडगडवत फाटकातून आत आला, तशी तिने मान वर केली.

"जीप मागून येऊन राहिली का?" तिने विचारलं.

"हवेसाठी आहे. चित्राले हवा लागते आता."

 दिवसभर दुसऱ्याच्या वावरात लाखोळीचं निंदण करून ती आली होती आणि तिच्या बोटांना हिरवा वास होता. चाक कुठे ठेवायचं ते तिने भाजीच्या काडीने दाखवलं.

हिरालालचं चित्र काढणं गावाला माहीत होतं ते चेहऱ्यांमुळे. फवारणीच्या आधी घरातलं सगळं बाहेर काढावं लागे. खाट, कणग्या, भांडी आणि भिंतीवरच्या तसबिरी. एका घरी एका बाईने पेटीच्या तळातून नखाएवढा फोटो काढला होता, मेलेल्या नवऱ्याचा, औषध उडू नये म्हणून तो मुठीत धरून ती अंगणात उभी राहिली होती. हिरालालला लहानपणापासून चित्राचा नाद होता. हा मोठा करून देऊ का, असं त्याने सहज विचारलं आणि महिनाभराने करून दिला. मोबदला घेतला नाही. मग दुसऱ्या गावातून फोटो आला, तिसऱ्यातून आला. पंधरा वर्षांत चाळीसएक चेहरे झाले असतील. सगळे काळ्या-पांढऱ्यात, बारीक ब्रशने ठिपक्यावर ठिपका ठेवून.

हात थरथरू लागला तसं ते थांबलं. फोटो मात्र यायचे थांबले नाहीत. नाही हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. बिस्किटाच्या एका डब्यात आठ फोटो साठले होते. जुन्यात जुना अडीच वर्षांचा होता. हिवाळ्यात फवारणी नसे, तेव्हा तो सायकलने घरोघर फिरून कोणाला ताप आहे का विचारायचा, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. त्या आठ घरांची माणसं आधी त्याच्या पिशवीकडे बघत, मग त्याच्या तोंडाकडे. विचारत कोणीच नसे. ते न विचारणं त्याला सायकलीच्या चढावासारखं छातीत जाणवे.

सोमवारी चार वाजता त्याने ओसरीत फळी भिंतीला टेकवली, तिच्यावर जाड कागद ताणला आणि डब्यातला सगळ्यात वरचा फोटो काढला. सत्यभामाबाईच्या मुलाचा, खुशालचा. ती तळ्यापलीकडच्या छोट्या वस्तीवर, टोलीवर, राहायची. दोन वर्षांपूर्वी धान कापताना खुशालला साप चावला आणि पवनीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. विशीतला पोरगा. कोणत्या तरी अर्जासाठी काढलेला फोटो होता, उन्हात काढलेला, त्यामुळे एक डोळा किंचित बारीक झालेला.

त्याने काळा रंग पाण्यात पातळ केला, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला आणि वाटीत सात थेंब टाकले. स्टेपनीची नळी जोडली. कळ दाबली.

आवाज झाला तो कोणी दातांतून श्वास सोडावा इतकाच. कागदावर गालाखाली सावली आली, अगदी हळू, जशी ती तिथे होतीच आणि आता फक्त दिसायला लागली होती. हिरालालने हाताकडे पाहिलं. अंगठा थरथरत होता. कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

दिवेलागणीपर्यंत जबडा आणि कपाळ झालं. मंगळवारी केस, ओठ आणि मान. चाकातली हवा पस्तीसवरून पंधरावर आली तरी वाटीतला रंग तितकाच शांतपणे उतरत होता. राहिले फक्त डोळे.

"हात बसला तुमचा," विमलाबाई दारातून म्हणाली.

"हाव."

"मंग आता होतील सगळे."

 त्याने वाटी धुतली, सुई काढून पुसली, परत घातली. बिस्किटाचा डबा शेजारीच होता. आत अजून सात. इतके दिवस तो हाताकडे बोट दाखवत होता आणि लोक समजून घेत होते. आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. आणि ते लक्षात येताच त्याला जे वाटलं, ते त्याने विमलाबाईला सांगितलं नाही. त्याला एकदम दमल्यासारखं झालं.

चेहरा काढणं अवघड नव्हतं. अवघड असे तो द्यायला जाणं. घरचे सगळे भोवती जमत. एक जण म्हणे, जबडा असा नव्हता. दुसरा म्हणे, होता, असाच होता. एका म्हाताऱ्याने पोराला मिशा काढून मागितल्या होत्या, फोटोत नव्हत्या तरी, कारण पोरगा जगला असता तर एव्हाना आल्या असत्या. हिरालालने काढून दिल्या. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, आता हा मोठ्या भावासारखा दिसून राहिला, मिशा पुसून टाका. बाया रडत आणि हिरालालला निघता येत नसे. चहा येई, तो प्यावा लागे. असे चाळीस चहा तो प्याला होता.

बुधवारी कामावरून आल्यावर त्याने खुशालच्या चेहऱ्यावर फडकं टाकलं आणि बाटलीवाला काढला.

घरात हार्डबोर्डचा एक मोठा तुकडा पडून होता. तो त्याने अंगणातल्या भिंतीला लावला. निळ्यात थोडा काळा मिसळून बाटली भरली, कळ दाबली आणि बोर्डावर चार-पाच घाणेरडे शिंतोडे उडाले. चाकात हवा कमी होती. पायपंप शेजाऱ्याकडून आणून त्याने चाक भरलं, पुन्हा उभा राहिला. जोर आला तसा रंग सुटला, हातभर रुंद, एकसारखा, धुक्यासारखा. त्याने हात एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला, परत आणला. मनगटाला ही चाल पाठ होती. चोवीस वर्षं त्याने हजारो भिंतींवर हाच हात फिरवला होता. लोक पंधरा दिवसांत त्यावर माती सारवून टाकत आणि पुढच्या फेरीला पुन्हा तीच भिंत समोर येई. पण तेव्हा हाताकडे पाहायला सवड नव्हती.

दहा मिनिटांत हवा उतरली. तो पंपाकडे वळला, तर विमलाबाईचा पाय आधीच पंपावर होता.

"मारा तुमी," ती म्हणाली.

ती पंप मारत राहिली, तो बोर्डावर रंग सोडत राहिला. खाली गडद, वर फिकं, मध्ये कुठेतरी धान कापून झालेल्या बांध्या असाव्यात अशी एक ओल. झाड नाही, माणूस नाही, घर नाही. पुष्कळ वेळाने ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कायचं चित्र आहे हे?"

"कायचंच नाही."

तिने आणखी थोडा वेळ पाहिलं. "बरं वाटते," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

बोर्ड वाळेपर्यंत हिरालाल अंगणातच बसून राहिला. हे चित्र घेऊन कोणाच्या दारात जायचं नव्हतं. ते कोणासारखं दिसतं का, हे कोणी विचारणार नव्हतं. बाटलीवाला ठेवून घ्यायचा आणि वाटीवाला रविवारी परत करायचा, हे त्याने तिथेच ठरवलं. गोपीचंदच्या साळ्याला काय, कोणताही चालला असता. प्रश्न होता तो डब्याचा. खुशालचं काम संपवायचं, बाकी सात जणांना जाऊन सांगायचं, की माझ्यानं होत नाही. म्हणजे हाताचंच नाव सांगायचं. यापुढे मात्र ते खोटं असणार होतं.

गुरुवारी दुपार कलताना सत्यभामाबाई आली. डोक्यावरची टोपली तिने पायरीवर उतरवली. वालाच्या शेंगा होत्या.

"आहेत का भाऊ घरी?"

हिरालाल ओसरीतून उठला. तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव त्याने अजून केली नव्हती, पण फळी समोरच होती आणि फडकं काढण्याशिवाय इलाज नव्हता. त्याने ते काढलं. सत्यभामाबाई जवळ आली. चेहरा तिच्या चेहऱ्याच्या दुप्पट होता.

"खुशालच आहे," ती म्हणाली.

"डोळे राहिले अजून."

"हाव."

ती खाली बसली. विमलाबाईने पाणी आणलं, मग चहा ठेवला. यंदा वाल चांगला आला, तळ्यात पाणी अजून आहे, मोठी सून माहेरी गेली, असं थोडं बोलणं झालं. चहा संपला. सत्यभामाबाईने कप पालथा घातला, पुन्हा सरळ केला.

"भाऊ, एक गोष्ट बोलाची होती. राग नका मानजा."

"बोला ना बाई."

"तो लहाना फोटो. तो अजून लागंल का तुमाले?"

हिरालालला नीट कळलं नाही. "डोळे बाकी आहेत ना. पाहून पाहून काढा लागते."

"बरं बरं. मंग राहू द्या." तिने टोपलीला हात घातला, शेंगा सुपात ओतायला लागली.

विमलाबाई चुलीपाशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "काहून बाई, फोटो वापस पाह्यजे होता का?"

सत्यभामाबाईचा हात शेंगांत थांबला. "दीड वर्ष होऊन राहिलं त्याले पाहून," ती म्हणाली. "पहिले मी रोज पाहो. तांदळाच्या कोठीत ठेवला होता, तांदूळ काढाले गेली का दिसे. आता कधी कधी त्याची हनवटीच ध्यानात येत नाही." ती हिरालालकडे न पाहता बोलत होती. "बहू वेळा वाटलं मागावा. मंग म्हटलं, भाऊ फुकटात एवढी मेहनत करून राहिले, मागितलं तर त्यायले वाटंल, बाई घाई करून राहिली."

अंगणात कोंबडी चाकाभोवती टोचत फिरत होती. हिरालालने तिला हाकललं. मग तो आत गेला, डबा घेऊन आला आणि खुशालचा फोटो काढून सत्यभामाबाईच्या हातावर ठेवला.

"नेऊ का?" तिने विचारलं.

"न्या. पण घडीभर बसा. डोळे आत्ताच काढतो. फोटो तुमीच धरा, मी पाहतो तिथून."

तिने तळहात पुढे केला. हिरालाल फळीसमोर मांडी घालून बसला, वाटीत चार थेंब टाकले. तो वाकून तिच्या तळहाताकडे पाही, मग कागदाकडे वळे. उन्हाने बारीक झालेला डोळा त्याने तसाच बारीक ठेवला. मध्ये तीनदा वाटी धुवावी लागली. इतका वेळ तिचा हात जरासुद्धा हालला नाही.

आणि त्या तासाभरात तिने फळीकडे एकदाही पाहिलं नाही. हिरालालने पापणी काढली, बुबुळात उजेडाचा ठिपका सोडला, खुशाल कागदावरून समोर बघू लागला. सत्यभामाबाई मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. तिचे ओठ मधून मधून हालत होते. काय म्हणत होती, ते ऐकू आलं नाही.

"झालं," तो म्हणाला.

तिने मान वर केली आणि मोठ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चांगलं झालं भाऊ," ती म्हणाली. "खूप चांगलं झालं." ते खरं होतं, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं. फोटो तिने पदराच्या टोकात घातला, गाठ मारली आणि गाठ कमरेला खोवली. कागद वाळला की सायकलवर आणून देईन, असं हिरालाल म्हणाला. तिने हो म्हटलं आणि रिकामी टोपली घेऊन निघाली. तळ्याच्या पाळीवर ती दिसेनाशी होईपर्यंत तिचा एक हात कमरेलाच होता.

विमलाबाईने शेंगा निवडायला घेतल्या. हिरालाल डबा उघडा ठेवून त्याच्यापाशी बसला होता. सात फोटो. एकाच्या मागे शाळेचा शिक्का होता, एक लग्नाच्या घोळक्यातून कात्रीने कापलेला होता.

"बाकीचेही असेच असतील का?" त्याने विचारलं.

"कोणाले माहीत," विमलाबाई म्हणाली. "पण घरात एकच असंल ना फोटो. तोच तुमच्यापाशी आहे."

शुक्रवारी आणि शनिवारी तो ताप विचारत फिरला, तेव्हा पिशवीत रक्ताच्या काचांबरोबर फोटोही होते. पहिल्या घरी तो दारात बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, मोठा नाही झाला, माफी करा, हा तुमचा तुमच्याजवळ असू द्या. घरच्या माणसाने फोटो दोन्ही हातांनी घेतला. हाताचं काय, मोठा कधी करता, असलं काही त्याने विचारलं नाही. "सांभाळून ठेवला तुमी," एवढंच म्हणाला. दुसऱ्या घरी म्हातारीने तो आधी उजेडात धरला, मग गालाला लावला आणि आत नेऊन कुठे ठेवला ते हिरालालला दिसलं नाही. एका घरी मात्र तरुण मुलगा तोंड पाडून म्हणाला, आम्ही फ्रेम आणून ठेवली होती. हिरालालने ते ऐकून घेतलं. सगळीकडे चहा होताच, पण तो लवकर संपत होता.

सातवं घर सुंदरबाईचं. लाखांदूरच्या वाटेवरचं शेवटचं गाव, गावाच्या कडेचं घर. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. अडीच वर्षांपूर्वीचा फोटो हिचाच. शेजारची बाई भिंतीला गोवऱ्या थापत होती.

"सुंदरबाई?" ती म्हणाली. "ते तं गेली. दिवाळीच्या पहिले. झोपेतच गेली."

हिरालाल सायकलीला टेकला. दिवाळीनंतर तो या वाटेने दोनदा गेला होता. कुलूप पाहून शेतात गेली असेल म्हणून पुढे निघून गेला होता. तेवढंच बरं, असंही तेव्हा वाटलं होतं.

"कोणी आहे का त्यायचं?"

"कोणी नाही. मूल-बाळ नव्हतं."

त्याने फोटो काढून दाखवला. बाईने शेणाचे हात मागे घेऊन नुसती मान पुढे केली. जुना, पिवळा पडलेला फोटो, एका बाजूने ओल लागून पापुद्रा गेलेला. फेटा, लांबट नाक, एक गाल.

"तिचा नवरा असंल," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आली तवा तो नव्हताच. कवाचा मेला होता."

"नाव काय त्यायचं?"

बाईने आठवून पाहिलं. मग मान हालवली. "ते बाई कधी नाव घे नाही नवऱ्याचं. आमाले कसं माहीत राहील?"

गावात आणखी दोन म्हाताऱ्यांना त्याने विचारलं. एक म्हणाला, तो बाहेरगावचा होता, घरजावई. दुसऱ्याला फोटोतलं काही दिसलंच नाही. ऊन उतरायला लागलं. हिरालालने फोटो खिशात टाकला आणि परतीला लागला. कोंढ्यापर्यंत वारा समोरून होता, आणि एरवी जिथे तो सायकलवरून उतरून चालत जाई, त्या चढावर तो आजही उतरला. चालता चालता एकदा त्याने खिशावर हात ठेवून पाहिला.

घरी विमलाबाईने दोन्ही ब्रश पुसून पंचात ठेवले होते.

"ठरलं ना?" तिने विचारलं.

"ठरलं होतं," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

रविवारी गोपीचंदच्या टेबलावर त्याने पंचा उघडला. साळा अजून यायचा होता. हिरालालने बाटलीवाला उचलून गोपीचंदच्या बाजूला ठेवला.

"हा तुमसरले."

"मले वाटलंच," गोपीचंद म्हणाला. "चेहऱ्याले वाटीच पाह्यजे. लोकं वाट पाहून राहिले असतील."

"नाही. सगळ्यायचे फोटो वापस देऊन आलो."

गोपीचंदने चष्मा नाकावर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. हिरालालने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. गोपीचंदने तो उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, मग लांब धरला.

"कोण आहे हा?"

"माहीत नाही."

"हा काढून कोणाले द्याचा आहे?"

"कोणालेच नाही."

गोपीचंद खिडकीपाशीच उभा राहिला. बाहेरून पेट्रोमॅक्स दुरुस्त करणाऱ्याची ठोकठोक येत होती. बोटाने त्याने फोटोतली पापुद्रा गेलेली बाजू चाचपली.

"अर्धं तोंड तं उडूनच गेलं याचं," तो म्हणाला. "डावा गाल कसा होता, हे सांगणारं आहे का कोणी?"

"कोणीच नाही," हिरालाल म्हणाला. त्याने वाटीवाला पंचात गुंडाळला, खुर्ची ओढली आणि तिच्यात मागे टेकून पाय लांब केले. "चहा सांग. गाडीले वेळ आहे अजून."